नेपल्सचे आजेसासरे नेमके कोणत्या गावचे?

मूळच्या साताऱ्याच्या आणि आता न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे आजेसासरे विशीत असताना, 1909 च्या सुमारास, इटलीहून अमेरिकेला आले. घरात ‘आम्ही नेपल्सचे’ एवढंच सांगतात. आडनावाचं स्पेलिंग वाटेत कुठेतरी बदललं, जुनी माणसं गेली, इटालियन कुणालाच येत नाही. वंशावळीच्या एका संकेतस्थळावर पैसे भरून आडनाव टाकलं, तर त्याच नावाची शेकडो माणसं समोर आली. आता पुढे काय करायचं आणि यातून नवऱ्याला व मुलांना इटलीचा पासपोर्ट मिळेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आडनाव सध्या बाजूला ठेवा आणि गावाच्या मागे लागा. इटलीत जन्म, लग्न, मृत्यू यांची देशभराची अशी एकच नोंदवही नाही. ज्या कोमुनेत, म्हणजे ज्या गावच्या नगरपालिकेच्या हद्दीत घटना घडली, तिथल्या वहीत ती लिहिली जाते. असे कोमुने आज सुमारे 7,900 आहेत. गावाचं नाव नसेल तर कितीही पैसे ओता, हाती काही लागत नाही. गाव कळलं, की दक्षिण इटलीतलं साधं शेतमजुराचं घरसुद्धा घरबसल्या 1809 पर्यंत मागे नेता येतं, कधी कधी त्याच्याही पलीकडे.

‘नेपल्सचे’ हे उत्तर मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि ते बहुतेक वेळा शहराबद्दल नसतं. नेपल्स हे बंदर होतं. अब्रुत्सो, मोलिझे, बाझिलिकाता, कालाब्रिया, सगळीकडची माणसं गाडीने किंवा पायी तिथे यायची आणि जहाजात चढायची. अमेरिकेत शेजाऱ्याने ‘कुठले?’ म्हणून विचारलं, तर डोंगरातल्या आठशे वस्तीच्या गावाचं नाव सांगून काय उपयोग? म्हणून नेपल्स. नातवंडांनी तेच खरं धरलं.

त्यामुळे काम इटलीत नाही, तुमच्या न्यू जर्सीतच सुरू होतं. आजेसासऱ्यांचे अमेरिकेतले कागद गोळा करा आणि प्रत्येक कागदावर जन्मस्थळाचा रकाना आहे का ते बघा. मृत्यूचा दाखला आणि जनगणना यांच्यावर फार विसंबू नका, तिथे बहुतेकदा नुसतं ‘इटली’ असतं. मला भरवशाचे वाटतात ते कागद असे. नागरिकत्वाचा अर्ज: 27 सप्टेंबर 1906 नंतर अमेरिकेत याचे ठरावीक छापील नमुने आले. त्यात जन्मतारीख, जन्मगाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख, बायकोमुलांची नावं असं सगळं असतं. त्याआधीच्या अर्जांत जवळजवळ काहीच नसायचं, तेव्हा तुमचे आजेसासरे नशीबवान. दुसरं, सैन्यभरतीचं नोंदणीकार्ड. 1889 च्या आसपासचा जन्म असेल तर ते 5 जून 1917 च्या पहिल्या फेरीत नोंदले गेले असणार, परदेशी नागरिकांनाही ती सक्तीची होती, आणि त्या फेरीच्या कार्डावर जन्मगाव विचारलेलं आहे. 12 सप्टेंबर 1918 च्या फेरीत तो प्रश्नच नव्हता. एप्रिल 1942 च्या, वयस्कर पुरुषांच्या फेरीत तो पुन्हा आहे. तिसरं, 1940 मध्ये अजून नागरिक झाले नसतील तर परकीय नागरिक म्हणून केलेली नोंदणी. चौथं, सोशल सिक्युरिटी म्हणजे अमेरिकेच्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज, ज्यात आईचं माहेरचं नाव येतं.

आणि चर्च. लग्न कॅथलिक चर्चमध्ये झालं असेल तर त्या पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीच्या, कार्यालयाला फोन करा. 1908 पासून नियम असा झाला की लग्न लागलं की त्याची खबर बाप्तिस्मा जिथे झाला त्या पॅरिशला कळवायची. त्यामुळे अमेरिकेतल्या लग्नाच्या वहीत इटलीतल्या चर्चचं नाव सापडतं, आणि उलट इटलीतल्या बाप्तिस्म्याच्या वहीत समासात ‘न्यूअर्कला अमुक साली लग्न’ अशी ओळ भेटते. ही ओळ भेटली की माणूस तोच, यात शंका उरत नाही.

आता जहाजाची यादी. लोक ती उतरवून घेतात आणि निम्मीच उतरवतात. 1907 नंतरच्या नमुन्यात एका प्रवाशाची ओळ दोन पानांवर पसरलेली आहे, आणि संगणकावर ती दोन वेगळी चित्रं असतात. डाव्या पानावर नाव, वय, धंदा, शेवटचं राहतं गाव आणि मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता. उजव्या पानावर तिकीट कुणी काढलं, खिशात किती डॉलर, आधी कधी अमेरिकेत आला होता का, कुणाकडे चालला, उंची, केसांचा रंग, अंगावरच्या खुणा आणि अगदी शेवटच्या रकान्यात जन्मस्थळ. नाव शोधलं की पहिलं चित्र समोर येतं, लोक खूश होतात आणि थांबतात. पुढचं चित्र उघडा. नावाच्या शेजारी नंतर कुणी बारीक अक्षरात आकडे आणि तारीख लिहिली असेल तर ती पुढे नागरिकत्वाच्या वेळी केलेल्या पडताळणीची खूण असते. म्हणजे अर्ज कधी शोधायचा तेही तिथेच कळतं.

या याद्या एलिस आयलंडच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या बेटाच्या, संकेतस्थळावर आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. शोधताना मूळ इटालियन स्पेलिंग वापरा. एलिस आयलंडवरच्या साहेबाने नाव बदललं, ही गोष्ट प्रत्येक इटालियन-अमेरिकन घरात सांगतात, पण यादी तिथे लिहिली जातच नव्हती. ती जहाज कंपनीचे कारकून निघतानाच्या बंदरावर करायचे, एलिस आयलंडवर फक्त पडताळणी व्हायची. आडनाव बदललं ते पुढे, शाळेत, कारखान्याच्या हजेरीवर, नाहीतर नागरिकत्व घेताना आपखुशीने. बायका मात्र इटालियन जहाजांवर माहेरच्याच नावाने सापडतात, हे आजेसासूबाईंना शोधताना ध्यानात ठेवा. आणखी एक: या काळात पुष्कळ पुरुष हंगामी कामाला जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. एका माणसाच्या तीन-तीन फेऱ्या सापडतात. 1909 ची फेरी पहिलीच होती असं धरून चालू नका.

कागद मुके निघाले तर घरच्या लोकांना एक प्रश्न विचारा: लहानपणी कोणत्या संताच्या जत्रेला नेत होते? आपल्याकडे अनोळखी घराण्याचा ठाव घ्यायला जसं ‘कुलदैवत कोणतं?’ विचारतात, तसाच याचा उपयोग होतो. स्थलांतरित आपल्या गावचा संत बरोबर घेऊन गेले आणि गावकऱ्यांची परस्पर साहाय्य मंडळं त्याच्याच नावाने काढली. ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्गला आजही जो उंच मनोरा खांद्यावर घेऊन नाचवतात, तो नेपल्सजवळच्या नोला गावचा, संत पाओलिनोचा. एखाद्या घरात त्या मनोऱ्याचे फोटो असतील तर मी पहिल्यांदा नोलाच्या वह्या उघडीन.

गावाचं नाव मिळालं तरी ते लगेच खरं मानू नका. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, बऱ्याचदा अर्धवट. ‘सांत आंजेलो’ एवढंच लिहिलं असेल तर एकट्या आवेल्लीनो प्रांतात सांत आंजेलो देई लोम्बार्दी, सांत आंजेलो आ स्काला आणि सांत आंजेलो आल्लेस्का अशी तीन गावं आहेत. शिवाय प्रांतांच्या सीमा हललेल्या आहेत. जुन्या कागदावर ‘कासेर्ता’ लिहिलेलं गाव आज कासेर्तात नसेल, कारण तेर्रा दी लावोरो हा तिथला मोठा प्रांत 1927 मध्ये मोडला आणि सोरा, कास्सीनो, गाएता ही गावं आज लात्सियोत, म्हणजे रोमच्या प्रदेशात, आहेत. मोलिझे 1963 पर्यंत अब्रुत्सोबरोबर एकत्र होता आणि इझेर्निया प्रांत तर 1970 मध्ये काम्पोबास्सोतून निघाला. ‘फ्रात्सिओने’ म्हणजे वाडी असेल तर तिची स्वतंत्र वही नसते, ती ज्या कोमुनेत मोडते तिथे बघावं लागतं.

प्रांत कळला पण गाव कळेना, अशी गाडी अडली तर एक वाट आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. इटलीत प्रत्येक मुलाचं नाव जन्मवर्षानुसार लष्करी भरतीच्या यादीत चढायचं, तो देशाबाहेर असला तरी. प्रांताच्या सरकारी अभिलेखागारात या याद्या आणि ‘रुओली मात्रिकोलारी’ नावाच्या सैनिकी नोंदवह्या आहेत, आणि त्या नोंदवह्यांची सूची अख्ख्या लष्करी जिल्ह्याची एकत्र असते. म्हणजे 1889 सालच्या तुकडीत तुमचं आडनाव बघायचं, समोर जन्मगाव आणि आईवडिलांची नावं. उंची, छातीचा घेर, डोळ्यांचा रंग, लिहिता-वाचता येतं की नाही, हेही त्यात मिळतं. 1889 चा मुलगा 1909 ला वीस वर्षांचा. नेमका भरतीच्या वयात निघालेला दिसतोय, तेव्हा नावापुढे ‘रेनितेन्ते’, म्हणजे हजर न झालेला, असा शेरा असेल तर दचकू नका. अमेरिकेत असलेल्या हजारो पोरांपुढे तो आहे.

गाव पक्कं झालं, की इटालियन सरकारी अभिलेखागारांचं ‘अंतेनाती’ हे पोर्टल उघडा. फुकट आहे. तिथे नाव टाकून शोधायची सोय आहे, पण थोड्याच नोंदींची सूची झालेली आहे. बाकी वह्या नुसत्या पानांच्या चित्रांसारख्या आहेत, त्या उलटाव्याच लागतात. ‘आमचं नाव येत नाही’ म्हणून लोक सोडून देतात ते याचमुळे. प्रांत, कोमुने, वर्ष आणि ‘नाती’ म्हणजे जन्म, असं निवडत जा. बहुतेक वह्यांच्या शेवटी त्या वर्षाची सूची असते, काही ठिकाणी दहा वर्षांची एकत्र. जुन्या वह्यांत सूची कधी कधी आडनावाने नाही, तर पाळण्यातल्या नावाने लावलेली असते, हे माहीत नसलं तर माणूस फसतो.

जन्मनोंदीचा मजकूर छापील असतो, त्यामुळे भाषेला घाबरायचं कारण नाही, एक वाचली की बाकीच्या वाचता येतात. सुरुवातीला साल शब्दांत, मग तारीख आणि वेळ. मग कोण हजर झाला: बापाचं नाव, वय, धंदा. ‘कोंतादीनो’ म्हणजे शेतकरी, ‘ब्राच्याले’ म्हणजे रोजंदारीवरचा मजूर. मग कोणत्या गल्लीतल्या किती नंबरच्या घरात, कोणत्या बाईच्या पोटी मूल झालं, आणि त्याचं नाव. शेवटी बहुधा ‘लिहिता येत नसल्याने सही नाही’. बापाच्या नावापुढे त्याच्या बापाचं नाव ‘दी’ने जोडलेलं असेल तर आजोबा त्या दिवशी हयात, ‘फू’ने जोडलेलं असेल तर वारलेले, त्यावरून मृत्यूची वही कोणत्या वर्षापासून मागे चाळायची ते ठरतं. बापाऐवजी सुईण हजर झाली असेल तर बाप गावात नव्हता, आणि पुष्कळदा तो अमेरिकेत आहे असं तिथेच लिहिलेलं असतं. महिना ‘8bre’ लिहिलेला दिसला तर तो ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. तसंच ‘7bre’ म्हणजे सप्टेंबर, ‘9bre’ म्हणजे नोव्हेंबर. समास जरूर वाचा, लग्न आणि मृत्यू तिथे नंतर टिपलेले असतात.

एक धोक्याची गोष्ट. पहिल्या मुलाला वडिलांकडच्या आजोबांचं नाव, दुसऱ्याला आईकडच्या, असा रिवाज होता. चार भावांनी तो पाळला की गावात एकाच वयाचे चार सख्खे चुलतभाऊ, चौघेही जुझेप्पे, आडनाव एकच. शिवाय लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायचे. म्हणजे तुम्हाला सापडलेली नोंद आजेसासऱ्यांच्या आधी जन्मून गेलेल्या भावाची असू शकते. म्हणून नाव आणि साल जुळलं एवढ्यावर भागवू नका, आईचं नाव जुळलंच पाहिजे. सुदैवाने इटलीत बायका मरेपर्यंत माहेरचंच आडनाव लावतात.

आता माझ्या मते दक्षिण इटलीतला सगळ्यात मोठा ठेवा: लग्नाची जोडपत्रं, ज्यांना ‘आल्लेगाती’ किंवा ‘प्रोचेस्सेत्ती’ म्हणतात. नेपल्सच्या राज्यात नेपोलियनच्या काळात, 1809 पासून, नागरी नोंदणी सुरू झाली. सिसिलीत 1820 पासून. नेपोलियन गेला तरी बूर्बोन राजांनी ती चालूच ठेवली, आणि त्यांचं राज्य गेल्यावरही ती 1865 पर्यंत तशीच चालली. लग्न करायचं तर नवरा-नवरीला जन्माचे उतारे जोडावे लागत. बाप वारला असेल तर त्याच्या मृत्यूचा उतारा. बाप नसला की संमती आजोबांची लागणार, आणि आजोबाही नसतील तर त्यांच्या मृत्यूचाही उतारा. आता हिशोब करा: 1822 चं लग्न, नवरा 1798 चा, त्याचा बाप 1805 ला गेलेला, आजोबा 1790 च्या आसपास. लग्न सोडलं तर यातली एकही गोष्ट नागरी नोंदवहीत नाही, तरी पाद्र्याने पॅरिशच्या वहीतून लिहून दिलेले उतारे त्या एकाच लग्नाच्या गठ्ठ्यात शिवलेले असतात. एका बैठकीत तीन पिढ्या! असा गठ्ठा सापडला की मी बाकीची कामं बाजूला ठेवते.

उत्तरेकडच्यांचं नशीब वेगळं. तिथे नेपोलियनच्या काळातल्या थोड्या वह्या, मग मोठा खंड, आणि एकीकृत इटलीची नोंदणी 1866 पासून, व्हेनेतोत तर 1871 पासून. मधली वर्षं चर्चमध्येच. चर्चच्या वह्या मुळात जुन्या, बाप्तिस्मा आणि लग्न नोंदवायची सक्ती ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 मध्ये केली. पण त्या पाहायला पाद्र्याची मर्जी लागते.

1866 नंतर काही वर्षं एक प्रकार भेटतो, त्यावरून घरात वादळ होऊ देऊ नका. सरकार फक्त नागरी लग्न मानू लागलं, लोक मात्र चर्चमध्येच लग्न लावून मोकळे व्हायचे. मग जन्मनोंदीत मूल ‘अविवाहित स्त्रीपासून’ झालेलं दिसतं. बहुतेक वेळा जोडपं गावाच्या डोळ्यांत रीतसर लग्नाचंच होतं आणि काही वर्षांनी नागरी लग्न करून मुलांना कायदेशीर केलेलं असतं. खरोखर टाकून दिलेल्या मुलांची आडनावं निराळी: नेपल्सकडे एस्पोझितो, रोमकडे प्रोयेत्ती, फ्लोरेन्सला इन्नोचेन्ती, मिलानला कोलोम्बो. नेपल्सच्या आन्नुन्झियाता या अनाथालयाच्या भिंतीतलं चक्र, ज्यात मूल ठेवून निघून जात, 1875 ला बंद झालं. यांपैकी आडनाव असेल तर वंशावळ कुठल्यातरी एका पूर्वजापाशी थांबणार, हे आधीच मान्य करा.

पोर्टलवर वर्ष नसेल तर कोमुनेला लिहा. वह्यांच्या दोन प्रती असत, एक कोमुनेत, एक न्यायालयाकडे, तेव्हा एक जळाली तरी दुसरी असू शकते. मेस्सीनासारख्या, 1908 च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या ठिकाणी दोन्ही बाजू बघाव्या लागतात. पत्र इटालियनमध्ये, पाच-सहा ओळींचं: पूर्ण नाव, बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, काय हवं, सोबत ओळखपत्राची प्रत. आजीच्या आठवणी लिहू नका, कारकुनाला त्यात रस नाही. नोंद 70 वर्षांहून जुनी असेल तर संपूर्ण नक्कल मागायला अडचण नसते. ‘पेक’ या प्रमाणित ई-मेलच्या काही पत्त्यांवर साधी मेल पोचतच नाही, म्हणून कार्यालयाचा साधा पत्ताही शोधा. ऑगस्टमध्ये पाठवलेलं पत्र सप्टेंबरात वाचलं जाईल, असं समजा. आणि 2025 पासून शंभर वर्षांहून जुन्या नोंदीच्या उताऱ्यासाठी कोमुने 300 युरोपर्यंत आकारू शकतात, म्हणून जे पोर्टलवर फुकट दिसतं ते मागवू नका, आधी दर विचारा.

डीएनए चाचणीचं विचारलं नाहीत, पण विचाराल. ती गाव सांगत नाही. दुसऱ्या शाखेतला एखादा चुलतभाऊ भेटला आणि त्याच्याकडे जुनी पत्रं निघाली, तर तेवढाच फायदा.

पासपोर्टबद्दल सरळ सांगते. 28 मार्च 2025 चा अध्यादेश आणि त्याचा मे महिन्यात झालेला 74 क्रमांकाचा कायदा यांनी नियम पार बदलले. पूर्वी पिढ्यांना मर्यादा नव्हती. आता परदेशात जन्मलेल्या आणि दुसरं नागरिकत्व असलेल्या माणसाला रक्ताच्या नात्याने हक्क सांगायचा, तर मुख्य वाट ही की आई, वडील किंवा आजी-आजोबांपैकी एकाकडे फक्त इटलीचंच नागरिकत्व असावं, किंवा मरतेवेळी असलेलं हवं. 27 मार्च 2025 पर्यंत ज्यांचे अर्ज दाखल झाले, त्यांना जुने नियम लागू. तुमच्या घरात सगळं एका कागदावर अडतं: आजेसासऱ्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं का? घेतलं असेल तर त्यांच्या नातवाला, म्हणजे तुमच्या यजमानांना, या वाटेने काही मिळत नाही. मुलांसाठी तर ते पणजोबा, म्हणजे मर्यादेच्या बाहेरच. न घेताच वारले असतील तर यजमानांपुरता वकिलाचा सल्ला घ्यायला हरकत नाही. गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टच्या गोष्टी ऐकून हेही तसंच असेल असं मानू नका, ते दोन वेगळे कायदे आहेत. आणि ‘हमखास मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला तो नागरिकत्वाचा अर्ज हातात यायच्या आधी एक डॉलरही देऊ नका.